पायथनचा आर्गपार्स: बरेच महिने वापरल्यावर

आर्गपार्स म्हणजे कमांडसोबत लिहिलेले '--पोर्ट'सारखे पर्याय वाचून देणारं पायथनमधलंच मॉड्यूल. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बॅकअप, लॉग तपासणी अशा रोजच्या स्क्रिप्टना तो पुरून उरतो. त्रास होतो तो त्याच्या डिफॉल्टचा आणि एरर मेसेजचा, पण दोन्ही सुधारता येतात.

सगळ्यात आधी 'अलाउ_ॲब्रेव्ह', म्हणजे पर्यायाचं नाव अर्धवट लिहू देणारी सोय, बंद करा. तो मुळात चालू असतो, त्यामुळे '--व्हर्बोज'ऐवजी '--व्हर' लिहिलं तरी चालतं. पुढे कुणी '--व्हर्जन' वाढवला की '--व्हर' दोघांनाही जुळतो आणि क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कमांड एका रात्रीत एरर कोड २ देऊन थांबते. हो-नाही अशा पर्यायाला 'टाइप=बूल' तर लिहूच नका. 'फॉल्स' ही रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे, म्हणून तिचं 'ट्रू' होतं, तेही गुपचूप. त्याऐवजी पायथन ३.९ पासून 'बूलियनऑप्शनलॲक्शन' आहे. '--कॅश' आणि '--नो-कॅश' दोन्ही आयते मिळतात.

खरी मेहनत एरर मेसेजवर घ्यावी. '--पोर्ट'ला (नेटवर्क पोर्टचा क्रमांक) टाइप म्हणून नुसतं 'इंट' लावलं तर ९९९९९ सहज आत जातो. म्हणून तपासणीचं फंक्शन लिहिलं आणि त्यात छान मजकुराचा 'व्हॅल्यूएरर' टाकला, तरी तो मजकूर वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही! त्याला दिसतं फक्त 'इनव्हॅलिड पोर्ट_तपास व्हॅल्यू', म्हणजे आपल्या फंक्शनचं नाव. तिथे 'आर्ग्युमेंटटाइपएरर' टाका, मग 'पोर्ट १ ते ६५५३५ मधला हवा, मिळाला ९९९९९' हे जसंच्या तसं छापलं जातं.

डिफॉल्ट स्ट्रिंग असेल तर तीही याच फंक्शनमधून जाते. आकडा असेल तर जात नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (स्क्रिप्टबाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेल्या सेटिंगमधून) डिफॉल्ट घेत असाल तर इथे जपा. चूक त्या व्हेरिएबलमध्ये असते, मेसेज मात्र '--पोर्ट'ला दोष देतो, आणि माणसाने '--पोर्ट' टाइपच केलेला नसतो. मेसेजमध्येच व्हेरिएबलचं नाव घालावं.

'--हेल्प'मध्ये डिफॉल्ट दिसायला 'आर्ग्युमेंटडिफॉल्ट्सहेल्पफॉर्मॅटर' लावा. ज्या पर्यायाला हेल्पचा मजकूरच नाही, त्याचं डिफॉल्ट तरीही दिसत नाही. सबकमांडला ('गिट कमिट'मधल्या 'कमिट'सारखी) 'रिक्वायर्ड=ट्रू' (ती देणं सक्तीचं) आणि 'डेस्ट' (तिचं नाव कुठे साठवायचं) दोन्ही द्या.

३.१४ मध्ये आलेला 'सजेस्ट_ऑन_एरर' चुकलेल्या सबकमांडला जवळचं नाव सुचवतो, पण त्या आवृत्तीत तो आपण चालू करावा लागतो. जुन्या पायथनवरही स्क्रिप्ट चालवायची असेल तर तो कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे पार्सर बनवतानाच, देऊ नका, तिथे 'टाइपएरर' येतो. पार्सर बनवून झाल्यावर ॲट्रिब्यूट म्हणून सेट करा.