टीव्हीखालचा पीसी ‘चालू होत नाहीये’: काही महिन्यांच्या वापरानंतर

मीडिया सेंटर पीसीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक तो सुरू झाल्यानंतरचं असतं. चित्र कसं दिसतं, सबटायटल नीट बसतात का, लायब्ररीत पोस्टर आपोआप येतात का. माझा गेल्या काही महिन्यांतला बराच वेळ मात्र त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटावर गेला. बटण दाबल्यापासून कोडीचा, म्हणजे सिनेमे-गाणी लावणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसेपर्यंतचं ते अर्धं मिनिट.

डबा साधाच आहे. जुन्या डेस्कटॉपचे भाग काढून जुळवलेला: छोटा मदरबोर्ड, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, 8 जीबी रॅम, सिस्टिमसाठी एसएसडी, सिनेमे आणि गाण्यांसाठी यूएसबीवरची हार्ड डिस्क. त्यावर उबंटू ही लिनक्स प्रणाली आणि उबंटूवर कोडी. (काही जुनी मंडळी कोडीला अजून एक्सबीएमसीच म्हणतात, नाव 2014 मध्ये बदललं तरी.) चालतो तेव्हा उत्तम चालतो, त्याबद्दल तक्रार नाही.

घरातून येणारी तक्रार कायम एकाच वाक्यात असते, "ते चालू होत नाहीये." या एका वाक्याखाली माझ्याकडे निरनिराळे बिघाड निघाले आणि त्यातले बरेचसे डब्याच्या आत नव्हतेच. म्हणून पहिला सल्ला: सगळं सुरळीत असतानाच एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कने संगणकात शिरण्याची सोय) चालू करून ठेवा आणि राउटरमध्ये त्या पीसीला कायमचा आयपी पत्ता देऊन टाका. टीव्ही काळा दिसला की मोबाइलवरून आत शिरून बघता येतं. आत शिरता आलं तर संगणक व्यवस्थित सुरू आहे, फक्त टीव्हीला तो दिसत नाहीये. ही एक गोष्ट कळली की रॅम काढून घासण्याचा उद्योग वाचतो.

सगळ्यात जास्त छळलं ते याच प्रकाराने. पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि टीव्ही म्हणतोय ‘नो सिग्नल’. कधी कधी चित्र यायचं, पण ढब्बू अक्षरांचं, 1024 बाय 768 वर. एचडीएमआयमध्ये टीव्ही स्वतःची माहिती पीसीला कळवत असतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. टीव्हीचं ओळखपत्रच म्हणा: कोणती रिझोल्यूशन चालतात, किती हर्ट्झ, आवाजाचे कोणते प्रकार. मूळ भाग 128 बाइटचा आणि त्याला जोड-भाग. पीसी सुरू होताना टीव्ही बंद किंवा स्टँडबायमध्ये असला तर काही टीव्ही हे ओळखपत्र दाखवतच नाहीत. मग ग्राफिक्स ड्रायव्हर समजतो की पलीकडे कोणी नाही. डेस्क मॉनिटरच्या बाबतीत हे फारसं जाणवत नाही, कारण तो सहसा समोर चालूच असतो. टीव्हीखालच्या पीसीचं बटण मात्र टीव्हीच्या आधी दाबलं जाणार, हे गृहीतच धरायला हवं.

‘आधी टीव्ही लावा, मग पीसी’ हा नियम घरात टिकत नाही. खरा उपाय म्हणजे टीव्ही चालू असताना त्याचा ईडीआयडी एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचा (लिनक्समध्ये तो सिस्टिमच्या डीआरएम फोल्डरमध्ये तयार मिळतो), ती फाइल फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ग्रबमधून (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सांगायचं की या पोर्टसाठी हीच फाइल वापर आणि हा पोर्ट जोडलेलाच आहे असं धर. एक खाच आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधूनच (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारा फाइलींचा छोटा संच) लोड होत असेल, तर ती फाइल त्यातही घालावी लागते, नाहीतर ड्रायव्हर जागा होतो तेव्हा फाइल असलेली डिस्क माउंटच, म्हणजे वापरासाठी उघडलीच, गेलेली नसते. बऱ्याच सूचनांमध्ये हा टप्पा गाळलेला असतो आणि माणूस म्हणतो, सगळं केलं तरी काही होत नाही. लिबरइलेकमध्ये (फक्त कोडी चालवण्यासाठी बनवलेली लिनक्स) हे सगळं काम एका तयार कमांडने होतं, त्यामुळे फक्त सिनेमे बघायचे असतील तर उबंटूपेक्षा तेच घ्या, असं मी सांगेन. मला त्याच डब्यावर बाकीची कामंही करायची असतात, म्हणून मी उबंटूवर राहिलो.

याचा आणखी एक फायदा झाला. टीव्ही उशिरा लागला की चित्र यायचं पण आवाज गायब असायचा आणि कोडी भलत्याच आउटपुटवर उडी मारायचा. आवाजाची माहितीही त्याच ईडीआयडीतून येते, त्यामुळे तीही कटकट मिटली. तोटा एवढाच की टीव्ही बदलला तर फाइल नव्याने उतरवायला हवी, नाहीतर पीसी जुन्या टीव्हीच्या हिशोबाने चित्र पाठवत राहतो.

दुसरा बिघाड हार्ड डिस्कचा, म्हणजे ती नसण्याचा. कोणीतरी काही कॉपी करायला ती काढून नेली की पुढच्या वेळी पीसी दीड मिनिट नुसता थांबायचा आणि मग काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’. यात बिघडलेलं काहीच नसतं. एफस्टॅबमध्ये (कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) डिस्कची नोंद असेल तर सिस्टिमडी (बूटची कामं क्रमाने करणारा प्रोग्राम) ती यावी म्हणून 90 सेकंद वाट बघतो, आणि नाही आली तर पुढे जायला नकार देतो. त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला की डिस्क असो-नसो, बूट पूर्ण होतो. वाट बघण्याची मुदतही 10 सेकंदांवर आणता येते. नोंद डिस्कच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने, करावी. सिस्टिमने दिलेली एसडीबी वगैरे नावं दुसरा पेन ड्राइव्ह लावला तरी बदलू शकतात. डिस्क नसताना कोडीची ‘क्लीन लायब्ररी’ मात्र चालवू नका. फाइल सापडत नाहीत म्हणून नोंदी पुसल्या गेल्या तर कुठला सिनेमा कुठवर पाहिला याचा हिशोबही गेला.

याच डिस्कमुळे बायोसही (मदरबोर्डवरचा, सगळ्यात आधी सुरू होणारा प्रोग्राम) अधूनमधून अडायचा, कारण बूटच्या क्रमात यूएसबी वर होती आणि तो आधी तिथे काही सापडतं का ते बघत बसायचा. एसएसडी पहिली केली, यूएसबीवरून बूट बंद केलं, झालं.

आता यातून उपजलेला एक गमतीशीर प्रकार. अडलं की घरातले लोक बटण दाबून धरतात. उबंटूचा ग्रब मागचा बूट अर्धवट राहिल्याची नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी मेनू 30 सेकंद दाखवत थांबतो. टीव्हीने तोवर सिग्नल पकडला नसेल तर तो मेनूही दिसत नाही. मग ‘अजूनही चालू होत नाहीये’ म्हणून पुन्हा बटण दाबून धरलं जातं आणि चक्र चालूच. ग्रबच्या सेटिंगमध्ये ही मुदत 3 सेकंदांवर आणली. माझ्या मते टीव्हीखालच्या प्रत्येक उबंटू पीसीवर हे पहिल्याच दिवशी करावं.

एवढं झाल्यावर उरला तो खराखुरा हार्डवेअरचा बिघाड. थंड असताना पीसी पहिल्या दाबाला नुसता पंखा हलवून बंद पडायचा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुरू व्हायचा आणि मग दिवसभर व्यवस्थित. हे लक्षण थकलेल्या एसएमपीएसचं, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने झाले की थंड असताना जास्त कमजोर असतात, थोडे तापले की सावरतात. मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 या मर्यादेत बरोबर दिसत होती. पण सुरू होतानाची क्षणभराची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नये. दुसऱ्या संगणकातला चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणं हीच खरी चाचणी. तसं केलं, पहिल्या दाबाला सुरू झाला, नवा बसवला. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आत धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरीही त्याच वेळी बदलली. ती संपली की प्लग काढल्यावर बायोसच्या सेटिंग उडतात, घड्याळ मागे जातं आणि काही बोर्ड ‘एफ1 दाबा’ म्हणून थांबून राहतात. इथे कीबोर्ड जोडलेलाच नसतो. ‘हॉल्ट ऑन’ सेटिंग असेल तर ‘नो एरर्स’ ठेवावं. घड्याळ चुकलं की ऑनलाइन सेवांची सुरक्षा प्रमाणपत्रं अमान्य ठरतात आणि दोष उगाच इंटरनेटला दिला जातो.

कोडीने स्वतः क्वचितच अडवलं. एकदा एका ॲड-ऑनमुळे मेनू येताच बंद पडत होता. कोडीच्या लॉगमध्ये शेवटच्या ओळींत त्याचं नाव स्पष्ट होतं, काढून टाकलं. शंका असेल तर कोडीचा सेटिंगचा फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवावा आणि कोरा सुरू होतो का बघावं. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नये, एवढंच आणखी सांगतो. पोस्टरच्या थंबनेलचा फोल्डर नकळत काही जीबींचा होतो, आणि जागा शून्यावर आली की लॉगिनच होत नाही.

सध्या बटण दाबलं की मेनू येतो, टीव्ही आधी लागो वा नंतर. शिफारस करू का? ज्याला ग्रबची फाइल उघडायला भीती वाटत नाही त्याला नक्की. बाकीच्यांनी तयार स्ट्रीमिंग बॉक्स घ्यावा, राग मानू नका. स्लीपमधून जागं होण्याचा प्रश्न माझ्याकडे अजून सुटलेला नाही. रिमोटचा रिसीव्हर यूएसबीवर आहे आणि स्लीपमध्ये कधी कधी बोर्ड त्या पोर्टची वीजच तोडतो, त्यामुळे सध्या मी तो रोज पूर्ण बंद करतो. मागचे पोर्ट तपासून झाले, पुढचे दोन राहिलेत.