काळी क्लिप कुठं लावली होती?

आमच्या मंडळाच्या हिशेबवहीत ‘बोटीचा सेल्फ नवीन, 14,500’ अशी एक ओळ आहे. सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिन सुरू करणारी मोटर. अक्षर माझं, सही माझी. पैसे मात्र गावाच्या वर्गणीतले. म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं सविस्तर लिहितोय. नदीकाठच्या बऱ्याच गावांनी पुरानंतर अशा जुन्या बोटी घेतल्यात आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्या दुरुस्तीला निघतात.

आमचं गाव पंचगंगेच्या काठावर, करवीर तालुक्यात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की इशारा आणि 43 झालं की धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही पार वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि आम्ही दोन दिवस माळ्यावर बसून बोटीची वाट बघितली. पुढच्या वर्षी वर्गणी काढून फायबरची जुनी बोट आणि 25 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. 2021 च्या जुलैत ते कामाला आलं.

दोरी ओढूनही हे इंजिन चालू होतं. मग सेल्फचा एवढा अट्टहास कशाला, असं कुणीही विचारेल. पुराच्या पाण्यात उसाचा पाला पंख्यात गुंडाळतो, इंजिन बंद पडतं, बोट आडवी होऊन विजेच्या खांबाकडं ओढली जाते आणि बोटीत म्हाताऱ्या आणि लहान पोरं बसलेली असतात. तिथं उभं राहून दोरी ओढायला कुणाला जमलं तर त्याचा सत्कार करू.

दरवर्षी मे महिन्यात आम्ही इंजिन शेडमधून काढतो, 200 लिटरच्या पिंपात पाणी भरून त्यात पंखा बुडवतो आणि चालू करून बघतो. कोरडं चालवलं तर पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबर जळतं, म्हणून पिंप. एका वर्षी चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’. परत फिरवली, परत ‘टक्’. इंजिन हललंही नाही. बॅटरी नवी होती. त्याच बॅटरीला जोडलेला सर्चलाइट चावी फिरवताना जराही मंद झाला नाही. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं, आणि त्याचा अर्थ एकालाही कळला नाही.

शहरातून एका मेकॅनिकला बोलावलं. नाव, दुकान काही लिहीत नाही. माणूस गोड बोलणारा. आल्या आल्या म्हणाला, “दादा, तुमच्या डोळ्यांसमोर टेस्ट करतो, मागनं कुणी बोलाय नको.” बॅटरीवरून दोन जाड वायरी काढल्या. लाल क्लिप सेल्फच्या बोल्टला लावली. काळी क्लिप इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटला. ठिणगी नाही, आवाज नाही, काही नाही.

“बघा, डायरेक्ट करंट दिला तरी फिरंना. आर्मेचर जळालंय. ह्याला वाइंडिंग परवडत न्हाई, नवाच टाकायचा. मुंबईहून मागवावा लागंल.”

आम्ही सात-आठ जण माना डोलावत उभे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं ना! 10,000 रुपये फोनवरून पाठवले, बाकीचे रोख द्यायचं ठरलं. जुना सेल्फ त्यानं सोडवून नेला. म्हणे, बदली द्यावा लागतो. चार दिवसांनी काळाकुळकुळीत चकाकणारा सेल्फ आणला, तासाभरात बसवला. चावी फिरवताच इंजिन सुरू. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर ‘सेल्फ नवीन 14500’ एवढंच. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. मी तो कागद घडी करून वहीत ठेवला, वर त्याला चहाही पाजला.

तीन आठवड्यांनी परत ‘टक्’.

फोन केला तर म्हणाला, “पाणी गेलं असणार. इलेक्ट्रिकच्या पार्टला गॅरंटी नसती.” दुसऱ्या फोनला उचललंच नाही. शेवटी मीच सेल्फ सोडवला, पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरून शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथं एका गल्लीत ट्रॅक्टरचे सेल्फ आणि डायनॅमो वाइंड करणारे एक तात्या आहेत. त्यांनी सेल्फ व्हाइसमध्ये आवळला, लाल वायर बोल्टला आणि काळी थेट सेल्फच्या उघड्या लोखंडाला लावली. सेल्फ गरकन फिरला.

“ह्याला काय झालंय? घोड्यागत पळतोय की.”

“पण ह्याच्या आधीचा जळाला होता, तात्या. डायरेक्ट करंट दिला तरी फिरला नाही.”

तात्यांनी चष्मा वर सरकवला. “काळी क्लिप कुठं लावलीवती त्यानं?”

मी सांगितलं, ब्रॅकेटला. ते हसले आणि मग मला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. करंट नुसता जाऊन चालत नाही, परत यावा लागतो. सेल्फमधून तो बॉडीतून, इंजिनाच्या लोखंडातून, अर्थिंगच्या केबलनं बॅटरीच्या मायनसला येतो. ब्रॅकेटवर रंगाचा जाड थर, आणि ब्रॅकेट आणि इंजिनाच्या मधे रबरी बुश. तिथं काळी क्लिप लावली तर जगातला कुठलाही सेल्फ मेलेलाच दिसणार. म्हणजे जी टेस्ट बघून आम्ही निमूट पैसे काढले, ती टेस्टच नव्हती.

मग त्यांनी सेल्फ उघडला. आत कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, निम्मे झिजलेले, कडेला जुनं वाळलेलं ग्रीस. नवा म्हणवणाऱ्या सेल्फचे कार्बन झिजतील कसे? त्यांनी पेट्रोलचा बोळा घेऊन बॉडीवर घासला. काळ्या रंगाखालून ठोकलेला नंबर वर आला. आणि इथं माझ्या नशिबानं साथ दिली. सेल्फ सोडवायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला मी फोटो काढला होता. फोटो मोठा करून बघितला, तर नंबर तोच, शेजारचा पोचाही तोच. आमचाच सेल्फ रंगवून आम्हालाच विकला होता.

मग तो तीन आठवडे चालला कसा? बसवताना त्यानं अर्थिंगचा बोल्ट घासला असणार. खरा रोग काय आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तात्यांनी सांगितलं तसं घरी येऊन मल्टिमीटर लावला. हे कुणालाही जमतं, म्हणून सांगतो. आधी इंजिन न्यूट्रलला टाकायचं, इंजिन झटकन बंद करायच्या दोरीची खिट्टी काढून ठेवायची, पंख्याजवळ कुणी उभं राहायचं नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर वायरींशी खेळायचंच नाही, एक ठिणगी पुरते. ‘टक्’ वाजतं म्हणजे चावी आणि न्यूट्रलचा स्विच ठीक आहे, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी सेल्फच्या खरवडलेल्या बॉडीला, आणि दुसऱ्यानं चावी फिरवायची. मीटरवर अर्धा व्होल्टच्या आत दिसायला हवं. आमच्याकडं 11 च्या वर दिसलं. बॅटरीचा सगळा जोर अर्थिंगच्या वाटेतच अडला होता. सर्चलाइट मंद झाला नाही तो याचमुळं. सेल्फनं खरा करंट ओढला असता तर उजेड मंद झालाच असता. नुसत्या त्या उजेडावरून केबल की कार्बन हे सांगता येत नाही, पण ‘जाम झालाय’ किंवा ‘आत शॉर्ट झालाय’ असं कुणी म्हणालं, तर ते खोटं हे नक्की.

केबलचं वरचं रबर चिरलं तर आतलं तांबं काळं पडून हिरवी भुकटी झालेली. नवी जाड केबल, तिच्या टोकांना दोन लग, दाबून घ्यायची मजुरी आणि तात्यांकडचे नवे कार्बन, सगळं मिळून 1,150 रुपये.

पुढचं थोडक्यात. फोटो आणि सेल्फ घेऊन आम्ही चौघं त्याच्या दुकानात गेलो. आधी आवाज चढवला, मग “मला वरनंच तसा आला” म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न बिलाचाच केला. तो कोरा कागद तिथं कवडीच्या किमतीचा. उपयोगी पडली ती 10,000 पाठवल्याची फोनमधली नोंद. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हे त्याच्यासमोरच एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन हप्त्यांत 9,000 परत आले. उरलेल्यासाठी भांडायचं की नाही यावर मंडळात दोन तट पडले, पावसाळा तोंडावर आला आणि विषय मागं पडला. 5,500 मी भरले. वहीतली ओळ खोडली नाही, तिच्याखाली जमा दाखवलं.

सेल्फवरचा तो काळा रंग अजून तसाच आहे. नंबरापुरता तेवढा पुसून घेतलाय.