लाइट गेली की नेट बरं चालायचं: एएक्स१५०० राउटर, वर्षभराच्या वापरानंतर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती पुन्हा उगाळत नाही. एएक्स१५०० म्हणजे वाय-फाय ६, चार अँटेना, गिगाबिट पोर्ट (वायर लावायच्या जागा, १००० एमबीपीएसच्या), किंमत अडीच हजारांच्या आसपास. मला लिहायचंय ते खोक्यात राउटरच्या शेजारी गुंडाळून ठेवलेल्या काळ्या ॲडॅप्टरबद्दल. एकाही रिव्ह्यूत त्याच्यावर धड एक ओळ नसते. अँटेनांचे फोटो मात्र आठ बाजूंनी.

घर पुण्यात कर्वेनगरला, नव्वदीतली सोसायटी, दुसरा मजला, टू बीएचके. फायबर लोकल केबलवाल्याचं, २०० एमबीपीएसचा प्लॅन. त्याने भिंतीवर ठोकलेल्या डब्यात वाय-फाय आहे, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, कमी गर्दीच्या ५ गिगाहर्ट्झचं नाही. आमच्या तीन विंगांमध्ये फोनवर स्कॅन केलं तर यादी संपत नाही, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्या गर्दीत २०० पैकी ३० मिळाले तरी खूप. म्हणून वेगळा राउटर घेणं भाग होतं.

निवडताना मी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे पोर्ट. हजार-बाराशेत मिळणाऱ्या बऱ्याच एसी१२०० राउटरना अजून १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं, ते ३०० अधिक ८६७ अशी हवेतली बेरीज करून, वर राउंड करून. पण नेट आत येतं ते त्या पोर्टातून, आणि तिथे प्लॅन कितीही मोठा असला तरी स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, उरलेलं डेटाची पाकिटं बांधण्यातच जातं. आमच्याच मजल्यावर एक काका ३०० चा प्लॅन भरतात आणि असला राउटर वापरतात. दोनदा सांगून झालं. “मला पुरतंय,” म्हणतात. पुरत असेल, पण मग १०० चा प्लॅन घ्या ना.

एएक्स३००० पण पाहिला होता. पैसे जवळपास दीडपट. १६० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलचा फायदा घेणारा एकही फोन आमच्या घरात नाही आणि प्लॅन २०० चा. ते पैसे वाचवले.

पहिल्या आठवड्यात राउटर टीव्हीच्या वर होता, कारण फायबर तिथेच खिडकीतून आत आलंय. हॉलमध्ये पूर्ण १९०-१९५. मागच्या बेडरूममध्ये ४०, दार लावलं की आणखी कमी. मध्ये स्वयंपाकघर, टाइल्स लावलेलं बाथरूम आणि त्याला पाठ लावून आईचं लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झला ही सगळी वाट झेपत नाही. लोकांनी मेश, म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन-तीन राउटर, घ्यायला सांगितलं. मेश कशाला? पंधरा मीटर कॅट-६ वायर आणली, पट्टीतून ओढली आणि राउटर पॅसेजच्या माळ्यावर नेऊन ठेवला. मागच्या खोलीत १५० च्या पुढे. खर्च मेशच्या एक दशांशही नाही. टू बीएचकेत मेश विकणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

तर पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. कंपनीचं ॲप खातं उघडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, ते चीड आणणारं आहे. पण ब्राउझरमधून १९२.१६८.०.१ वर गेलं की सगळं खात्याशिवाय करता येतं. ५ गिगाहर्ट्झला चॅनेल ऑटोवर न सोडता १४९ वर बांधून टाकला, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून जोडायची सोय) बंद केलं, आणि विसरून गेलो. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

उन्हाळ्यात नेट मध्येच जायला लागलं. जाऊन दोन-अडीच मिनिटांनी आपोआप परत यायचं. बायकोचं काम घरून, त्यामुळे मीटिंगच्या ऐन मध्यात ती गायब. रात्री सगळे झोपले की एकदाही नाही. सकाळी मीटिंग, टीव्हीवर आईचं कीर्तन आणि माझा फोन एकत्र सुरू झाले की हमखास. ही वेळेची खूण तेव्हाच डोक्यात ठेवायला हवी होती असं ज्यांना वाटेल त्यांनी घरात मीटिंग तुटल्यावरचं वातावरण अनुभवून मग बोलावं.

साहजिकच पहिला संशय केबलवाल्यावर. फोनवर त्याचं ठरलेलं उत्तर, “साहेब, मोडेम बंद करून चालू करा.” शेवटी त्याचा मुलगा मीटर घेऊन आला, फायबरची पिन काढून लावली, सिग्नलची ताकद उणे २१ डीबीएम. उणे २७-२८ च्या खाली गेलं तर रडायचं, उणे २१ म्हणजे लाइन स्वच्छ. शिवाय नेट जायचं तेव्हा त्याच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा कधीच लागायचा नाही, हे त्यानेच दाखवून दिलं. रस्ता खोदाईत महिन्याआड फायबर तुटत असल्यामुळे या लोकांना शिव्या घालायची आपल्याला सवय झालेली आहे, पण या वेळी पोरगं बरोबर होतं.

मग राउटरचा लॉग, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, उघडला. त्यात दर थोड्या वेळाने तारीख १ जानेवारी १९७०. राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. चालू झाला की तो १९७० पासून मोजायला लागतो आणि नेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. म्हणजे नेट जात नव्हतं, राउटरच बंद पडून पुन्हा उठत होता.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचं मत, “व्होल्टेज वरखाली होतंय, यूपीएस लावा.” केबलवाल्याच्या डब्याला त्याने दिलेला छोटा यूपीएस होताच, राउटरला नव्हता. म्हणून तसाच एक १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणला. आणि त्याने गोष्टी आणखी बिघडल्या.

अपवाद एकाच दिवसाचा. गुरुवार. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. लाइट नाही, पंखे बंद, बायको लॅपटॉपच्या बॅटरीवर, आई फोनवर कीर्तन ऐकतेय, आणि नेट एकदाही गेलं नाही. लाइट आली आणि संध्याकाळभर राउटरने नाचायला सुरुवात केली. पुढच्या गुरुवारीही तेच. आईच म्हणाली, “लाइट गेली की तुझं नेट बरं चालतं रे. मेन स्विच बंद करून ठेव की.”

ती चेष्टा करत होती, पण दुखणं तिथेच होतं. माझा मिनी यूपीएस साध्या प्रकारचा आहे. लाइट असताना ॲडॅप्टरमधून येणारा करंट तसाच राउटरकडे पाठवतो, आणि त्याच ॲडॅप्टरवर स्वतःची बॅटरीही चार्ज करतो. लाइट गेली की बॅटरीवर. म्हणजे बॅटरीवर राउटर ठणठणीत, ॲडॅप्टरवर आजारी, आणि गुरुवारी संध्याकाळी बॅटरी रिकामी असल्यामुळे ॲडॅप्टरवर दुप्पट ओझं. ॲडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे १२ वॉट. राउटर एकटाच कामात असताना ७-८ वॉट खातो. (वर्षाला साठ-सत्तर युनिट होतात, हेही कोणी सांगत नाही.)

खोक्यावर तीन वर्षांची वॉरंटी. गेलो अधिकृत सेवा केंद्रात. काउंटरवरच्या मुलाने ॲडॅप्टर बोर्डात लावला, मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवल्या. “सर, बारा दाखवतोय. ओके आहे.” मी म्हटलं, लोड लावून, म्हणजे त्याच्यावर काहीतरी चालवून बघा. “सर, आमच्याकडे एवढीच टेस्ट आहे.” राउटर चालू करून दाखवला, दिवे लागले, झालं. कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का. मी वाद घातला तेव्हा दुसरा पर्याय मिळाला: पूर्ण राउटर जमा करा, वर पाठवतो, आठ-दहा दिवस लागतील. नुसता ॲडॅप्टर बदलून मिळत नाही. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी घर दहा दिवस नेटशिवाय ठेवायचं, आणि ‘वर’ पण हीच दोन पिनांची टेस्ट करणार नाहीत कशावरून?

तिथून तडक तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. बुधवार पेठेत पार्किंग शोधणं हा वेगळा लेख आहे. एका छोट्या दुकानात मालकांना ॲडॅप्टर दाखवला. त्यांनी काही विचारलं नाही. ड्रॉवरमधून दुचाकीच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, १२ व्होल्ट १० वॉटचा, होल्डरला दोन वायरी जोडलेल्या. आधी नुसता मीटर: १२.१. मग बल्ब जोडला. बल्ब पिवळट, मलूल, आणि आकडा घसरत ९ च्या खाली, तिथेही स्थिर नाही, थरथरतोय. मग कपाटातला नवा ॲडॅप्टर लावला. बल्ब पांढरा लख्ख, मीटर ११.९. “कपॅसिटर गेलाय,” ते म्हणाले, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा आतला भाग. “उघडू नका, वॉरंटीत आहे ना?”

सगळ्या परीक्षेला मिनिटसुद्धा लागलं नसेल. अधिकृत सेवा केंद्राला इंडिकेटरचा एक बल्ब परवडत नाही.

याचा व्हिडिओ मी काढला. नवा ॲडॅप्टर १२ व्होल्ट २ अँपिअरचा घेतला, पाठीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघून. त्याच दुकानात शंभरात मिळणारे बिननावाचेही होते; मालकांनीच ते बाजूला सारले. अँपिअर जास्त चालतात, राउटरला लागतील तेवढेच तो घेतो. व्होल्ट मात्र तेच हवेत, आणि पिनही. घरात जुन्या सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर पडून होता, तो फुकटात लावायचा मोह झाला होता, पण त्याची पिन आत सैल बसायची. हात लागला की राउटर बंद.

नवा लावला त्या दिवसापासून लॉगमध्ये १९७० दिसलेलं नाही. मध्ये महावितरणने वीज घालवली तरी यूपीएस आहे. आता तीन-तीन उपकरणांवर व्हिडिओ चालू असताना राउटर हलत नाही. म्हणजे ज्या राउटरला मी उन्हाळाभर शिव्या घातल्या तो मुळात चांगलाच आहे. रेंज चांगली, गरम होत नाही, ५ गिगाहर्ट्झ ठाम. पाचातला एक तारा मनातल्या मनात कापला होता, तो परत देतोय.

ॲडॅप्टरचा राग मात्र गेला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. पावती, शिक्क्याचा कागद आणि बल्बचा व्हिडिओ जोडला. मग मात्र कंपनीची भाषा बदलली. फोन आला, “सर, आम्ही ॲडॅप्टर कुरियर करतो,” जो वेगळा मिळतच नव्हता. आलाही. जुना परत मागितला नाही, म्हणून एका रविवारी त्याची चिकटवलेली शिवण हातोडीने हलकेच ठोकून उघडली. आत एक जाडसर कपॅसिटर, डोकं फुगून वर आलेलं, अंगावर ८५ डिग्री छापलेलं, म्हणजे त्याला झेपणारं कमाल तापमान. १०५ डिग्रीचा घातला असता तर किती पैसे जास्त गेले असते? दोन-चार रुपये. आणि हा डबा पुण्यातल्या एप्रिलमध्ये माळ्यावर, सुटकेसच्या मागे, चोवीस तास चालू. माळा मी निवडला हे खरं, पण माळ्यावर राउटर ठेवायला त्यांच्याच माहितीपत्रकात सांगितलंय: उंच जागी, घराच्या मध्यावर. आता राउटर माळ्यावर, ॲडॅप्टर खाली पॅसेजच्या बोर्डात, मध्ये लांब डीसी वायर. त्या वायरीतही व्होल्ट थोडे गळतात, म्हणून जाड वायर घेतली. लाइट असताना राउटरच्या टोकाला ११.७ मिळतात.

घ्यायचा की नाही विचाराल तर २०० ते ३०० चा प्लॅन आणि टू बीएचके असेल तर घ्या. एएक्स३००० च्या मागे लागू नका, वाचलेल्या पैशात कॅट-६ वायर आणि २ अँपिअरचा ॲडॅप्टर घ्या. मिनी यूपीएस लावणार असाल तर खोक्यातला १ अँपिअरचा त्याच्या मागे जोडूच नका, तो राउटर आणि बॅटरी दोन्ही ओढू शकत नाही. आणि सेवा केंद्रात जाताना खिशात इंडिकेटरचा बल्ब घेऊन जा, कोणत्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो.

कुरियरने आलेला ॲडॅप्टर मी बल्ब लावून तपासला. ११.८, बल्ब लख्ख. तो मजल्यावरच्या काकांना दिलाय, त्यांचाही राउटर अधूनमधून बंद पडतोय म्हणाले. १०० चे पोर्ट आहेत तसेच आहेत.