थुनेरच्या पेशींसाठी तयार बी५ पावडर: घ्या, पण पाकीट नीट वाचून

पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधापायी हिमालयातला थुनेर, म्हणजेच टॅक्सस, अतोनात तोडला गेला. त्याच्या पेशी टाकीत वाढवूनही हे औषध मिळतं. जर्मनीत फायटन कंपनी ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्या वापरते. प्रयोगशाळेत सुरुवात करणाऱ्यांनी गॅम्बोर्ग बी५ या पोषक माध्यमाच्या पावडरची एक लिटरची तयार पाकिटं जरूर घ्यावीत. कोबाल्ट, मॉलिब्डेनमसारखे लिटरला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी लागणारे घटक तोलताना होणारी चूक टळते.

एमएस (मुराशिगे-स्कूग) या दुसऱ्या माध्यमात लिटरला १,६५० मि.ग्रॅ. अमोनियम नायट्रेट असतं, बी५मध्ये फक्त १३४ मि.ग्रॅ. अमोनियम सल्फेट. अमोनियम कमी म्हणूनच थुनेरसाठी बी५ला पसंती.

व्हिटॅमिनसह असलेलंच पाकीट मागा. बी५मधलं थायमिन लिटरला १० मि.ग्रॅ. असतं, ते वेगळं घालायला हमखास विसरतं. साखर आणि हार्मोन बहुतेक पाकिटांत नसतात. हार्मोनपैकी एनएए लिटरला २ मि.ग्रॅ. आणि बीएपी ०.१ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करावी.

मोठी तक्रार ओलाव्याची. पावसाळ्यात उघडा डबा दोन दिवसांत ढेकळं धरतो आणि मग तोललेल्या ग्रॅममध्ये क्षार किती, पाणी किती हे कळत नाही. म्हणून मोठा डबा नकोच. पाकीट अख्खं ८०० मि.ली. पाण्यात ओता, आतून दोनदा विसळून घ्या, साखर विरघळल्यावर पीएच ५.८ करा, मग लिटर पूर्ण करा. पीएच फार वर गेला किंवा दहापट तीव्र साठा (स्टॉक) केला तर कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल घालायचं असेल तर ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केल्यावर), ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून. उष्णतेत ते टिकत नाही.

पेशी तपकिरी झाल्या की दोष पावडरला देतात. तो बहुधा पेशींनीच सोडलेल्या फिनॉलचा असतो. सब-कल्चर, म्हणजे पेशी ताज्या माध्यमात हलवणं, लांबवू नका.

नुसत्या बी५वर पेशी वाढतात, औषध मात्र जेमतेम बनतं. वाढ मंदावू लागली की पेशींना औषध बनवायला चेतवणारं मिथाइल जास्मोनेट द्यावं लागतं. ते पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून २२.४ मि.ग्रॅ. घेऊन इथेनॉलने १ मि.ली. करा, ५० मि.ली.च्या फ्लास्कला ५० मायक्रोलिटर घातलं की १०० मायक्रोमोलर होतं. एक फ्लास्क नुसत्या इथेनॉलचा ठेवाच, नाहीतर परिणाम कशाचा ते सांगता येणार नाही. शेवटी पेशी गाळून उरलेलं पाणी फेकू नका. पॅक्लिटॅक्सेलचा काही भाग त्यातच उतरतो, तेव्हा एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही तपासा, २२७ नॅनोमीटरला.