किसिंजर की कार्टर? मॉस्कोशी बोलण्याच्या दोन तऱ्हा

हुकूमशाही प्रतिस्पर्ध्यासमोर लोकशाही मूल्यांचा विषय काढावा की नाही? १९७० च्या दशकात सोव्हिएत संघासमोर अमेरिकेने दोन्ही करून पाहिलं.

अध्यक्ष निक्सन आणि फोर्ड यांचं परराष्ट्र धोरण आखणारे हेन्री किसिंजर यांचा हिशेब सरळ होता. आधी अण्वस्त्रं, बाकी नंतर. मॉस्कोच्या अंतर्गत कारभारावर चारचौघांत बोलायचं नाही. मे १९७२ मधला अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा सॉल्ट करार याच वाटेने झाला आणि तो फायदा मोठाच होता. पण १९७५ मध्ये मायदेशातून हाकलले गेलेले सोव्हिएत लेखक सोल्झेनित्सिन वॉशिंग्टनला आले, तेव्हा अध्यक्ष फोर्ड यांनी किसिंजर यांचा सल्ला मानून त्यांना भेटायचं टाळलं. मला हे आजही खटकतं.

फोर्ड यांच्यानंतर अध्यक्ष झालेले जिमी कार्टर उघड बोलले. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांनी सोव्हिएत राजवटीवर टीका करणारे शास्त्रज्ञ सखारोव्ह यांना पत्र लिहिलं आणि ते पत्र हातात धरलेले सखारोव्ह फोटोत जगाने पाहिले. क्रेमलिन भडकलं. त्याच महिन्यात युरी ऑर्लोव्ह यांना अटक झाली. गुन्हा काय? सोव्हिएत सरकारनेच सही केलेल्या, मानवी हक्क मान्य करणाऱ्या हेलसिंकी कराराचं पालन होतं का, यावर लक्ष ठेवणारा गट त्यांनी काढला होता. पुढे त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. म्हणजे उघड बोलण्याने आतल्या माणसाला संरक्षण मिळतंच असं नाही.

तरीही मी कार्टर यांच्या बाजूने आहे. मूल्यांचा विषय काढला की वाटाघाटी बुडतात, हा आक्षेप टिकत नाही. इतक्या कटुतेनंतरही जून १९७९ मध्ये व्हिएन्नात सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी कार्टर यांच्यासोबत सॉल्ट-२ वर सही केलीच.