जुना स्पीकर, तीन गिऱ्हाईकं आणि एक फुकटचं ॲप

कराडात बारा-तेरा वर्षं साउंडचं काम केलं. भजनी मंडळं, हळदी, शाळांची गॅदरिंग. आता पाठ साथ देत नाही, म्हणून सामान काढायला घेतलं. सगळ्यात आधी जेबीएलचा ईऑन ६१५, पंधरा इंची, हजार वॅटचा ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेला स्पीकर. जुन्या वस्तूंच्या एका खरेदी-विक्री ॲपवर टाकला. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण माझा मिक्सर अजून तिथंच लावलेला आहे.

जाहिरात टाकणं सोपं. फोटो, किंमत, गाव, झालं. पैसे घेत नाहीत. पण आपला नंबर लपवायची सोय इतकी आत दडवलीय की मला ती तिसऱ्या दिवशी सापडली.

पहिला फोन बारा मिनिटांत, हिंदीतून. मी २४,००० सांगितले, तो लगेच हो म्हणाला. तिथंच पाल चुकचुकली. जुन्या सामानाला घासाघीस न करणारा माणूस मी अख्ख्या सातारा जिल्ह्यात पाहिलेला नाही. म्हणे सैन्यात आहे, बदली झालीय, माणूस गाडी घेऊन येईल, पैसे आत्ताच टाकतो. व्हॉट्सॲपवर ओळखपत्र आलं, वर्दीतला फोटो आला. माझे थोरले काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं कार्ड आम्ही घरच्यांनीसुद्धा कधी नीट बघितलेलं नाही.

खात्री पटावी म्हणून त्यानं आधी ५ रुपये पाठवले. खरंच आले! मग क्यूआर आला: स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल. आता यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना, फार तर शिल्लक बघताना. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. पूर्वी हेच लोक पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायचे. माणसामाणसांतली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, आता सगळी मदार क्यूआरवर दिसते. आमच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला असाच १८,००० ला बुडाला होता. लाजत बसला नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, म्हणून त्यातले थोडे तरी पुढच्या खात्यात गोठवता आले.

दुसरा मराठीच बोलत होता, अगदी 'दादा, दादा' करत. स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला, चुकून २८,००० गेले, वरचे ४,००० तेवढे परत पाठवा. पाठोपाठ बँकेचा म्हणून मेसेज आला, तोही साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. मी बँकेचं ॲप उघडून बघितलं, शिल्लक होती तेवढीच. "सर्व्हर स्लो आहे हो दादा." म्हटलं, मग स्पीकरपण हळूहळूच निघेल.

दोघांची तक्रार ॲपवर केली. दोन दिवसांनी यंत्राचं ठरावीक उत्तर आलं, आणि त्याच आठवड्यात पहिला पठ्ठ्या नवा फोटो लावून मिक्सरची चौकशी करायला हजर. ॲपला पाचपैकी अडीच तारे देतोय, कापलेल्या ताऱ्यांतला मोठा भाग याचा आहे.

उरलेले अडीच मिळाले ते इचलकरंजीच्या पोरामुळं. त्यानं चार दिवस मला पिडलं. हॉर्न बदललाय का? फुल केल्यावर बेस फाटतो का? पाऊस लागलाय का कधी? ब्लूटूथवर गाणी लागतात का? लागत नाहीत. या मॉडेलचं ब्लूटूथ फक्त मोबाइलवरून इक्यू, म्हणजे बेस-ट्रेबल, लावायला आहे. खरं सांगितलं आणि हजार रुपये तिथंच गेले. आधीच्या दोघांनी तो स्पीकर वाजतो का, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

रविवारी आला तो स्वतःचा माईक आणि कॉर्ड घेऊनच. अर्धा तास वाजवला, शेजारच्या काकू दोनदा बाहेर येऊन गेल्या. २२,५०० वर तुटलं. पण त्यानं आदल्या रात्रीच नवा फोन घेऊन यूपीआय चालू केलेलं, त्यामुळं पहिल्या चोवीस तासांत ५,००० च्या वर जाईना. मग ५,००० यूपीआयनं, आणि १७,५०० एटीएममधून काढून आणले. बँकेच्या ॲपात ५,००० दिसेपर्यंत मी दुसरा चहा ठेवला. कागदावर स्पीकरचा सिरीयल नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. पोरगं जरा हिरमुसलं, तरी सही केली.

टेम्पोत स्पीकर घासू नये म्हणून आमच्या हिनं जुनी गोधडी दिली. "पुढच्या रविवारी आणून देतो काकू," म्हणाला. तीन रविवार झाले. पैसे चोख आले, गोधडी काही आलेली नाही.