स्क्रेपर प्लेट: सीझियमसाठी मातीचे थर काढणारी चौकट कितपत उपयोगी?

सीझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्यावरून जमिनीची धूप मोजायची, तर निम्मे काम माती कशी काढली यावर ठरते. १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांतून हे सीझियम पावसाबरोबर खाली आले आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटले. कधीही न नांगरलेल्या सपाट जागेत ते आजही बहुतांशी वरच्या थरांतच सापडते. अशा जागेतला साठा, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाखालच्या मातीत असलेले एकूण सीझियम, हा संदर्भ. शेतातला साठा त्याहून जितका कमी, तितकी माती वाहून गेली.

स्क्रेपर प्लेट म्हणजे जमिनीवर टेकवून खिळ्यांनी पक्की करायची पोलादी चौकट आणि तिच्या कडांवरून सरकणारे, खाली-वर करता येणारे पाते. आतली जागा ५० × २० सेंमी असेल तर २ सेंमीच्या एका थराची अडीच किलोच्या आसपास माती मिळते. जमिनीत ठोकून माती काढायच्या १० सेंमी व्यासाच्या नळीतून तेवढ्याच थराची जेमतेम २०० ग्रॅम. भारतात हा फरक फार महत्त्वाचा, कारण उत्तरेकडच्या मध्य अक्षांशांच्या तुलनेत उष्ण कटिबंधात सीझियम मुळातच कमी पडले. त्यात अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, ३० वर्षांचे, म्हणजे १९६३ च्या सुमारास पडलेल्यातला आता पाव हिस्साही शिल्लक नाही. नमुना लहान असेल तर गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरवर २४ तास ठेवूनही सीझियमची खूण असलेले ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर नीट उठत नाही. प्लेटच्या मातीतून मात्र एक लिटरचे मॅरिनेली बीकर (डिटेक्टरवर टोपीसारखे बसणारे भांडे) आरामात भरते.

नळीचा दुसरा दोषही इथे नाही. घण मारून नळी ठोकली की माती दबते, ४० सेंमी आत गेलेल्या नळीत ३५ सेंमीच माती निघते आणि मग कुठला थर किती खोलीचा हे अंदाजाने ठरवावे लागते.

प्लेटचा खरा शत्रू म्हणजे ढासळणाऱ्या भिंती. सीझियमने भरलेली वरची माती खालच्या थरावर पडली की खोलीनुसार सीझियम दाखवणाऱ्या आलेखाला खोलवर खोटे शेपूट फुटते. म्हणून दर थरानंतर खड्ड्याचा तळ ब्रशने साफ करायचा. पडलेली माती चौकटीबाहेरची असते, ती कुठल्याच पिशवीत घालायची नाही. गवत उपटू नये, कात्रीने जमिनीलगत कापावे; उपटले की मुळांबरोबर नेमकी हवी ती माती जाते. जमीन वाफशावर असतानाच काम करावे. ओली काळी माती पात्याला लपेटते, वाळलेली ढेकळे होऊन निघते.

मुरमाड जमिनीत प्लेट वैताग देते. पाते दगडाला अडते आणि ओढून काढलेला दगड दोन थर एकदम उसकटतो. तिथे नळीही वाकते म्हणा! दोन मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले खडे वेगळे तोलून ठेवावेत. चाळणीखालची सगळी बारीक माती १०५ अंशांवर वाळवून तोलावी, कारण साठा काढताना तिचेच वजन लागते. भेगाळ काळ्या रानात मात्र कुठलेच अवजार कामाचे नाही. उन्हाळ्यात वरची माती भेगांतून खोल पडते, त्यामुळे संदर्भासाठी जागाच दुसरी शोधावी. देवराई कितीही जुनी असली तरी झाडांखाली पाऊस सगळीकडे सारख्या प्रमाणात पडत नाही, तेव्हा तिथेही जपून. जुने मोकळे गायरान बरे.

काम हळू चालते, ही तक्रार खरी. एका जागेचे ३० सेंमीपर्यंतचे थर काढायला अर्धा दिवस सहज जातो, आणि संदर्भस्थळी एका खड्ड्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण हातभर अंतरावरही साठा बदलतो. त्यामुळे एक-दोन ठिकाणी प्लेटने थर काढावेत. सीझियम किती खोल गेले ते कळले की त्या खोलीच्याही खाली जाणाऱ्या नळीने दहा-बारा ठिकाणची अखंड माती घ्यावी.

बनवून घेणार असाल तर चौकटीचा पत्रा किमान ५ मिमी जाड ठेवा. खोली बदलायला भोके न ठेवता आटे ठेवा आणि पाते हलत नाही ना ते ताबा घेण्याआधीच तपासा. एक सेंमीच्या थरात २ मिमी डगमग म्हणजे २० टक्के चूक.